.३०८ साठी प्रायमर कोणता घ्यावा? रावेरच्या एका मुलाला सविस्तर उत्तर

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी, ठोक्याने पेटून आतली पावडर पेटवणारी छोटी वाटी; .३०८ हे रायफलीच्या काडतुसाचं माप. प्रश्न रावेरकडच्या एका मुलाचा आहे. सध्या तो कोलोरॅडोत नोकरीला असतो आणि तिथल्या कायद्यानुसार स्वतःच्या रायफलीची काडतुसं घरीच भरतो. पत्र लांबलचक आहे, सार एवढंच:

"नाना, माझी .३०८ ची बोल्ट अ‍ॅक्शन आहे. वारगेट पावडर, १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) मॅच, म्हणजे स्पर्धेची, बुलेट. १०० यार्डांवर इंचभराचा ग्रुप येतो (सगळ्या गोळ्या इंचभरात पडतात), पण ६०० वर गोळ्या वर-खाली पसरतात. चार प्रायमर आणून प्रत्येकी पाच गोळ्या मारल्या. वेगाचा एसडी (म्हणजे गोळीगणिक वेग सरासरीभोवती किती पसरतो ते, सेकंदाला फुटांत) असा आला: सीसीआय बीआर-२ ला ७, फेडरल २१०एम ला ९, सीसीआय २०० ला ११ आणि सीसीआय २५० मॅग्नमला १४. मग बीआर-२ च घेऊ ना? रेंजवरचा एक मित्र मात्र म्हणतो, थंडीत मॅग्नमच हवा. आणि दिवाळीला घरी येतोय, काकांच्या परवान्याच्या रायफलीसाठी थोडं सामान आणलं तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, त्याचं कारण शेवटी सांगतो. बाकीचं आधी.

बीआर-२ घे किंवा २१०एम घे. दोन्हींपैकी जो एकाच लॉटचा दोन-तीन हजार नग मिळेल तो घे आणि हा विषय संपव. पण हे मी तुझ्या त्या चार आकड्यांवरून सांगत नाहीये. तुझे आकडे अजून काहीच सांगत नाहीत.

माझी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, तपासणीच्या बाजूला झाली. पुढे मुलाकडे टेक्सासला राहिलो, तिथे रेंजवरच्या लोकांबरोबर हातभरणीची काडतुसं केली. कारखान्यात माणूस एक गोष्ट पक्की शिकतो: पाच नगांवरून लॉट पास होत नाही आणि नापासही होत नाही. आता गणित बघ. पाच गोळ्यांवरून काढलेला एसडी ७ आला, तर त्या प्रायमरचा खरा एसडी ४ पासून २० पर्यंत कुठेही असू शकतो, अगदी ९५ टक्के खात्रीच्या हिशेबानेसुद्धा. १४ आलेल्याचा खरा आकडा ८ ते ४० मध्ये कुठेही. म्हणजे तुझा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट प्रायमर प्रत्यक्षात सारखेच असू शकतात, किंवा क्रम उलटाही असू शकतो. पाच-पाच गोळ्यांच्या दोन मालिकांमध्ये एक एसडी दुसऱ्याच्या तिप्पट असेल, तरच फरक आहे असं म्हणायला जागा होते. तुझ्याकडे सगळ्यात मोठा फरक दुप्पट आहे. वीस-वीस गोळ्या मारल्यास दीडपटीहून थोडा जास्त, साधारण १.६ पट फरक पुरतो. म्हणून मी वीसच्या खाली बोलतच नाही. इंटरनेटवर "या प्रायमरने माझा एसडी ४ वर आणला" असं लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: किती गोळ्यांवर?

आता तुझ्या ६०० यार्डांच्या दुखण्याकडे येऊ. हे नीट वाच, कारण तुझी निम्मी धावपळ इथेच थांबेल.

१७५ ग्रेनची गोळी सेकंदाला २६०० फुटांच्या आसपास वेगाने निघत असेल, तर वेगात १० फुटांचा फरक पडला की ६०० यार्डांवर मार साधारण एक इंच वर-खाली होतो. एसडी ११ असेल तर बहुतेक गोळ्या ४४ फुटांच्या पट्ट्यात येतात, म्हणजे वेगामुळे होणारा उभा पसारा साडेचार इंचांच्या आत. एसडी ७ असेल तर तोच पसारा तीन इंचांच्या आत. पण तुझी रायफल मुळात १०० वर इंचाचा ग्रुप देते, म्हणजे ६०० वर सहा इंच तर आपोआपच आले. हे दोन पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. एसडी ११ धरला तर साधारण ७.४ इंच येतात, ७ धरला तर ६.६. सगळा प्रायमर बदलून, नवी बॉक्सं विकत घेऊन, ६०० यार्डांवर तुला मिळाला पाऊण इंच.

हजार यार्डांवर चित्र पालटतं. तिथे दर १० फुटांमागे तीन-चार इंच जातात. त्याच हिशेबाने ११ चा एसडी तुला १८ इंचांच्या आसपास ठेवतो आणि ७ चा १४ च्या आसपास. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत हजार यार्डांच्या निशाणावर दहाचं वर्तुळ दहा इंचांचं असतं, त्यामुळे तिथे चार इंच म्हणजे सोनं. म्हणून हजारावर मारणारे लोक प्रायमरमागे लागतात ते बरोबरच आहे, आणि १०० वर मारणाऱ्याने लागू नये हेही तितकंच बरोबर. १०० यार्डांवर ४० फुटांचा फरक इंचाचा दहावा भागसुद्धा हलवत नाही. तिथे ग्रुप उघडतो तो बॅरल, बेडिंग (रायफल दस्त्यात कशी बसलीय ते), काडतुसात बुलेट किती खोल बसवली ते आणि आपला खांदा यामुळे. तुझा इंच आधी पाऊण इंचावर आण. ६०० वर प्रायमरपेक्षा त्याने जास्त फायदा होईल.

एवढं वाचूनही प्रायमर समजून घ्यायचा असेल (आणि घ्यावाच), तर एक ट्रे उलटा करून भिंगाखाली बघ. पितळेची उथळ वाटी, तळाशी दाबलेला मसाल्याचा थर आणि त्यावर तीन पायांचा छोटा अ‍ॅनव्हिल (ऐरण), काही कंपन्यांचा दोन पायांचा. पाय वाटीच्या कडेपेक्षा केसभर वर आलेले दिसतील. मसाला ग्रेनभरही नसतो. लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड आणि संवेदनशीलतेसाठी थोडं टेट्राझीन, ही नेहमीची घडण. फायरिंग पिन वाटी आत दाबते, मसाला वाटी आणि अ‍ॅनव्हिल यांच्यामध्ये चिरडतो आणि पेटतो. काडतुसाच्या तळातल्या बारीक भोकातून, म्हणजे फ्लॅश होलमधून, गरम वायू आणि तापलेले कण पावडरीत शिरतात. गोळीगणिक हे सगळं सारखं व्हावं एवढीच आपली मागणी आहे. जोर किती यापेक्षा सारखेपणा किती, हे बघायचं.

"मॅच" किंवा "बेंचरेस्ट" लिहिलेल्या डबीत वेगळी जादू नसते. बहुतांशी तीच घडण, तोच मसाला, फक्त माप जास्त काटेकोर आणि तपासणी कडक. २१० आणि २१०एम मधला, २०० आणि बीआर-२ मधला फरक याच जातीचा. कधी साध्या प्रायमरचा एखादा लॉट मॅचच्या तोडीस तोड निघतो. पण ते आधी कळत नाही, आणि हजारामागे जे थोडे डॉलर जास्त जातात ते या न कळण्याचेच. बॅरलची झीज, बुलेट आणि पावडर यांच्या खर्चापुढे तो फरक किरकोळ आहे, म्हणून स्पर्धेसाठी मी मॅचच घे म्हणतो. सरावाला २०० उत्तम. रेमिंग्टन ९½ आणि विंचेस्टरचा लार्ज रायफल हेही खणखणीत प्रायमर आहेत, त्यांच्यावर मारणारे चांगले नेमबाज मी पाहिलेत.

मॅग्नम म्हणजे जास्त जोराने पेटवणारा प्रायमर. त्याचा प्रश्न तुझ्या मित्राने अर्धाच सांगितला. प्रायमर थंडीला उत्तर देत नाही, तो पावडरीला उत्तर देतो. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या एका काडीवर पेटतात, बाभळीच्या जाड ओंडक्याला तेवढ्यात काही होत नाही. वारगेट ही बारीक कांड्यांची पावडर, .३०८ च्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जवळपास काठोकाठ बसते, सहज पेट घेते. तिला साधा लार्ज रायफल प्रायमर पुरून उरतो. बॉल पावडरी, म्हणजे विंचेस्टर ७४८ किंवा बीएल-सी २ सारख्या, यांच्या गोल दाण्यांवर जळणं मंदावणारा लेप असतो. त्या उशिरा पेट घेतात, आणि पारा शून्याखाली गेला की जास्तच. तिथे मॅग्नमला अर्थ आहे. दुसरी जागा म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी मोठी केस, जिच्यात सत्तरेक ग्रेन मंद पावडर असते. .३०८ मध्ये वारगेट भरणाऱ्याने कोलोरॅडोच्या जानेवारीतही आधी साधाच लावून बघावा. मॅग्नमने एसडी सुधारल्याची उदाहरणं आहेत, बिघडल्याचीही आहेत. तुझ्या डबीत तो आहेच, तर वीसची मालिका मारून बघ. मला अपेक्षा नाही.

थंडीतली खरी गोम बहुतेक वेळा बोल्टच्या, म्हणजे रायफलीच्या मागच्या सरकत्या दांड्याच्या, आत निघते. फायरिंग पिनच्या स्प्रिंगवर घट्ट ग्रीस असलं की ते थंडीत आळतं, पिन मंद पडते, ठोका हलका बसतो. हलक्या ठोक्यावर प्रायमर पेटतो खरा, पण दर वेळी सारखा पेटत नाही. माणूस मग प्रायमर बदलत बसतो. बोल्ट उघड, ग्रीस पुसून काढ, कोरडं किंवा नावाला हलकं तेल ठेव. स्प्रिंग जुनी असेल तर नवी टाक. चार बॉक्स प्रायमरपेक्षा ती स्वस्त पडते.

उन्हाची गोष्ट तुला सांगायला नको, तू रावेरचा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीत काय होतं ते तुला माहीत आहे. काडतूस तापलं की पावडर वेगाने जळते आणि दाब चढतो. जानेवारीत कमालीपर्यंत नेलेला पावडरीचा भार जुलैत धोक्याचा होऊ शकतो. वारगेट तापमानाला बऱ्यापैकी दाद देत नाही म्हणून तर लोकप्रिय आहे, पण तिच्या भरवशावर डबा डॅशबोर्डवर ठेवू नकोस. गरम चेंबरमध्ये काडतूस भरून दोन मिनिटं वाऱ्याची वाट बघत बसणं हेही तेच.

मापांचं थोडक्यात. लार्ज रायफल प्रायमरचा व्यास ०.२१० इंच, स्मॉलचा ०.१७५. लार्ज पिस्तुल प्रायमर व्यासाने लार्ज रायफलसारखाच असतो, पण उंचीला कमी आणि वाटी पातळ, म्हणून तो केसच्या तळातल्या खिशात (प्रायमर बसतो त्या खळग्यात) जातो आणि घात करतो. स्मॉल पिस्तुल आणि स्मॉल रायफल तर दिसायलाही तंतोतंत सारखे. टेबलावर एका वेळी एकच डबी, हा नियम कायमचा. स्मॉलमध्ये वाटीची जाडीही बघावी लागते: सीसीआय ४०० ची वाटी ०.०२० इंचांच्या आसपास, ४५० आणि बीआर-४ ची ०.०२५. पातळ वाटी जास्त दाबाला फुटते. रेमिंग्टन ६½ .२२३ मध्ये वापरू नका, असं कंपनीच सांगते. तुझ्या .३०८ ला यातलं काही लागू नाही, पण उद्या तू ६.५ क्रीडमूर या मापाची रायफल घेशील आणि तिची लापुआ कंपनीची केस स्मॉल प्रायमरची निघेल, तेव्हा आठव. .३०८ मध्येही लापुआची पाल्मा केस स्मॉल प्रायमरची आहे, फ्लॅश होलही बारीक, नेहमीच्या २ मिलिमीटरऐवजी १.५. लांब पल्ल्याचे लोक ती आवडीने वापरतात. कडाक्याच्या थंडीत तिचा भरवसा मी कमी धरतो.

आणि कुणी एम-१ए किंवा गॅरंड (लष्करी धाटणीच्या, आपोआप भरणाऱ्या रायफली) घेऊन आला तर त्याला तुझा २१०एम देऊ नकोस. त्या बंदुकांची फायरिंग पिन सुटी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला टोचते. नाजूक प्रायमर, त्यातही वर राहिलेला, अशा वेळी बोल्ट पूर्ण लॉक होण्याआधी सुटू शकतो. त्यांच्यासाठी लष्करी संवेदनशीलतेचे सीसीआय ३४, आणि स्मॉलमध्ये ४१.

इथवर कोणता घ्यावा हे झालं. माझ्या मते त्याहून मोठं काम तो बसवण्यात आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही.

प्रायमर खिशाच्या तळाला टेकला पाहिजे, नुसता केसच्या मागच्या बाजूशी सपाट होऊन भागत नाही. अ‍ॅनव्हिलचे पाय तळाला लागतात आणि त्यापुढे वाटी आणखी दोन-तीन हजारांश इंच दाबली जाते, तेव्हा मसाला अ‍ॅनव्हिलवर नीट ताणून बसतो. पाय तळाला टेकलेच नाहीत तर पिनचा पहिला जोर प्रायमर आत ढकलण्यातच जातो. मग मिसफायर होतो, नाहीतर उशिरा पेटतो, आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) एखादी गोळी उगाच वीस फूट खाली दिसते. ती तू "फ्लायर" म्हणून सोडून देतोस. बसवल्यावर प्रायमर केसच्या पातळीच्या खाली तीन ते पाच हजारांश असावा. बोटाच्या टोकाने केसचा मागचा भाग पुसून बघ: खळगा जाणवला पाहिजे, उंचवटा कधीच नाही. बोट शिकतं. हवं तर डेप्थ गेज घे.

हाताने दाबायचं साधन वापर. प्रेसच्या लांब दांड्याने प्रायमर बसवताना तळाला टेकल्याचं हाताला कळत नाही. लहान हँड प्रायमरमध्ये आधी घर्षणाचा सरकता विरोध लागतो, मग एकदम कडक थांबा, मग त्यापुढे थोडी दाब. तो कडक थांबा शंभरच्या शंभर केसेसमध्ये सारखा लागला पाहिजे. कुठे प्रायमर लोण्यासारखा आत गेला तर खिसा सैल झाला, ती केस भंगारात. कुठे जाताच येईना तर जबरदस्ती नाही: लष्करी केस असेल, क्रिंप (खिशाच्या तोंडाची आत दाबलेली कड) काढायचा राहिलाय. खिशात जुनी काजळी असेल तर प्रत्येक प्रायमर वेगळ्या उंचीवर थांबतो, म्हणून खिसे साफ कर. नव्या केसचे खिसे एकदा यूनिफॉर्मरने सारखे करून घे, फ्लॅश होलची आतली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, काढ. एकदाच करायचं काम आहे. आणि बोटं कोरडी. केसला साइझिंग ल्यूब (केस मापात दाबताना लावायचं वंगण) लावून त्याच हाताने प्रायमर उचलायचे नाहीत. चष्मा डोळ्यांवर हवाच. एखादा हातात फुटला तर पितळेचे तुकडे डोळ्यांच्या उंचीवरच असतात. फेडरलचे प्रायमर इतरांपेक्षा थोडे नाजूक समजले जातात, म्हणूनच ते एवढ्या मोठ्या डबीत सुटे सुटे मांडून येतात.

आता तुलना कशी करायची. चार प्रायमर नकोत, दोनच घे, बीआर-२ आणि २१०एम. एकाच लॉटच्या केसेस, तितक्याच वेळा वापरलेल्या. एकाच डब्यातली पावडर, एकाच लॉटची बुलेट. प्रायमर बदलला की दाब बदलतो, म्हणून भार कमालीजवळ असेल तर भरणीच्या मॅन्युअलप्रमाणे खाली उतरून पुन्हा पायरीपायरीने चढायचं, "तेवढंच तर आहे" म्हणायचं नाही. वीस-वीस काडतुसं भर. मारताना आधी सगळी एक आणि मग सगळी दुसरी असं करू नकोस. पाच याची, पाच त्याची, परत पाच याची. बॅरल तापतं, काजळी चढते, ऊन वाढतं, आणि सगळा दोष शेवटी मारलेल्याच्या माथी बसतो. एसडीमध्ये ९ आणि ११ असा फरक आला तर दोन्ही सारखे समज आणि जो स्वस्त, जो मिळतो तो घे. क्रोनोग्राफ आता खिशात मावणारे आलेत, त्यामुळे वीस गोळ्यांचे वेग टिपणं जड नाही. फक्त आकड्यांबरोबर लक्ष्याचा कागदही जपून ठेव. कधी कधी कमी एसडीचा भार कागदावर वाईट पडतो, तेव्हा कागदाचं ऐकायचं.

मारलेले प्रायमर बघून दाब ओळखायची सवय अनेकांना असते. सपाट झाला, काठ उचलला, भोक पडलं वगैरे. भोक पडलं तर थांबायचंच. पण नुसती चपटी वाटी किंवा पिनच्या ठशाभोवतीचं कडं यावर भिस्त ठेवू नये. बोल्टमधलं पिनचं भोक मोठं असलं की साध्या भारालाही कडं येतं. आणि मऊ वाटीचा प्रायमर कडक वाटीच्या आधी चपटा होतो, म्हणजे प्रायमर बदलला की तुझी फूटपट्टीच बदलली. वेग हा त्याहून प्रामाणिक साक्षीदार: मॅन्युअलमध्ये त्या बॅरल लांबीला जो वेग दिलाय त्याच्या पुढे गेलास, तर दाबही पुढे गेलाय.

या छोट्या वाटीचं महत्त्व पटत नसेल तर थोडं मागे जा. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभी केली, मुक्काम धरणगाव. तेव्हा हातात चकमकीच्या बंदुका. बाहेरच्या कानात रंजक घालायची, आणि सातपुड्यात पाऊस लागला की रंजक ओली, बंदूक मुकी. स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्येच घेतलं होतं, पण ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेपर्यंत पोहोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आपला वरणगावचा १९६४ चा. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं मीठ बॅरलमध्ये राहायचं आणि ओलावा ओढून गंज चढवायचं. तुला आज ती कटकट नाही. फक्त कुणी जुना लष्करी साठा स्वस्तात दिला तर मारल्यावर आधी पाण्याने धुवायचं, तेल नंतर.

साठा आणि लॉट. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमर मिळेनासे झाले तेव्हा लोक मिळेल तो उचलत होते आणि प्रत्येक डबीला भार नव्याने बांधत होते. ते तुला टाळायचंय. एका बॅरलच्या आयुष्याला पुरेल एवढा एक लॉट घे, डबीवरचा लॉट नंबर वहीत लिही. नवा लॉट आला की जुन्याशी ताडून बघ, मगच जुना संपव. घरात ठेवायला तिकडे अग्निसुरक्षेच्या मानकात दहा हजारांची मर्यादा आहे, त्यातच राहा. मूळ डबीतच ठेवायचे. बाटलीत किंवा डब्यात सुटे ओतलेले प्रायमर एक सुटला की सगळे एकदम सुटतात, आणि तो स्फोट असतो. खराब झालेला प्रायमर तेल टाकून "मेला" असं धरून चालू नकोस. तेलात भिजलेलेही कधी कधी पेटतात.

एक गोष्ट नवीन मुलं हसण्यावारी नेतात: शिसं. बंद खोलीत टम्बलर (केसेस घासून साफ करायचं फिरतं यंत्र) फिरवला की वापरलेल्या प्रायमरची शिशाची धूळ हवेत उडते, आणि ती बुलेटच्या शिशापेक्षा सहज अंगात जाते. टम्बलर घराबाहेर, किंवा ओला वापर. काम झालं की हात साबण आणि थंड पाण्याने धू. भरणीच्या टेबलावर चहा नाही. घरात लहान लेकरू असेल तर ते कपडे वेगळे धुवायचे.

आता काकांची रायफल. काय भो, हे डोक्यात येतंच कसं? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. काकांकडे शेतसंरक्षणाचा असो की आणखी कसला, बाळगायच्या परवान्यात काडतुसं भरायची मुभा येत नाही. शिवाय त्याच कायद्यात "दारूगोळा" या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे प्रायमरची डबी तर सोड, भरणीचं साधन आणलंस तरी भानगड. विमानातही प्रायमर नेता येत नाहीत, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली टाकायच्या सामानातही नाही. काकांनी परवानाधारक दुकानातून तयार काडतुसं घ्यावीत, परवान्यावर नोंद करून.

आणि निघण्याआधी एक काम कर. रेंजला नेतोस ती पाठपिशवी दिवाळीला आणूच नकोस. आणायचीच असेल तर पूर्ण उलटी करून झटक, आतले कप्पे, शिवणी, साइड पॉकेट सगळं. जॅकेटचे खिसेही. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की "मी विसरलो" हे तुला पोलीस ठाण्यात बसून सांगावं लागतं, आणि रावेरची गाडी चुकते ती वेगळीच.